पातळ पटलांचे संशोधन आणि मोजमापाची शिस्त : आंबागड परिसरातील मँगेनीजच्या निमित्ताने एक चिकित्सा

सारांश

काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर रासायनिक पद्धतीने अर्धसंवाहक पदार्थांची पातळ पटले तयार करण्याचे संशोधन महाराष्ट्रातील विद्यापीठांत व महाविद्यालयांत गेली काही दशके चालू आहे. पटल तयार करण्याची अल्पखर्ची पद्धत ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. परंतु पटल मोजण्याची शिस्त त्याच प्रमाणात पोहोचली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या विषयावरील शोधनिबंधांची भाषा, त्यांतील जाडीचे व वस्तुमानाचे आकडे आणि त्या आकड्यांवर उभे राहणारे निष्कर्ष यांची येथे चिकित्सा केली आहे. भंडारा जिल्ह्यातील आंबागड परिसरात मँगेनीजचे खनिज सापडते. त्याच मँगेनीजच्या ऑक्साइडचे पटल हे उदाहरण म्हणून घेतले आहे.

बीजसंज्ञा : पातळ पटल, जाडी, शोषण गुणांक, विशिष्ट धारिता, मँगेनीज डायऑक्साइड, मोजमाप.

१. प्रस्तावना

तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला इ. स. १७०० च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात बांधला गेला. सातपुड्याच्या ज्या डोंगररांगेवर तो उभा आहे, त्याच परिसराच्या पोटात मँगेनीजचे साठे आहेत. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून जाणारा हा पट्टा भारतीय भूशास्त्रात प्रसिद्ध आहे. लुईस ली फर्मोर यांनी भारतातील मँगेनीज साठ्यांवरील आपला बृहद्ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. या भागातील मँगेनीजयुक्त खडकाला त्यांनी येथील गोंड समाजावरून 'गोंडाइट' असे नाव दिले. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आज 'मॉइल' या सार्वजनिक कंपनीकडे आहेत. त्यांपैकी डोंगरी बुजुर्ग येथील मँगेनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या विद्युतघटांच्या उद्योगात वापरले जाते. जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये तयार केलेल्या घटापासून या ऑक्साइडचा आणि विजेचा संबंध जुळला, तो अद्याप तुटलेला नाही.

अलीकडच्या काळात या संबंधाला एक नवे वळण मिळाले. ली आणि गुडइनफ यांनी १९९९ मध्ये असे दाखवून दिले की, अस्फटिकी मँगेनीज डायऑक्साइड साध्या क्षाराच्या जलीय द्रावणात विद्युतभार झटपट साठवतो व झटपट परत देतो. तेव्हापासून 'सुपरकपॅसिटर' या विद्युतसंचय साधनासाठी या ऑक्साइडची पातळ पटले जगभर तयार होऊ लागली. महाराष्ट्रातही ती तयार झाली. ज्या परिसरातून हे खनिज टनांनी बाहेर जाते, त्या परिसरातील महाविद्यालयात त्याच ऑक्साइडचे मिलिग्रॅमचा अंश भरणारे पटल चंचुपात्रात तयार करता येते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही आकर्षक गोष्ट आहे. मात्र टनांच्या व्यवहारात मोजमापाची जी काटेकोर शिस्त आहे, ती मिलिग्रॅमच्या व्यवहारात आपण पाळतो का, हा प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

२. अल्पखर्ची पद्धतीचा वारसा

एखाद्या आधारपृष्ठावर काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत जाडीचा जो थर बसविला जातो, त्याला पातळ पटल म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग होय. चष्म्याच्या काचेवरील परावर्तनरोधी थर, आरशावरील धातूचा थर, सौरघटातील प्रकाश शोषणारा थर आणि संगणकाच्या चिपवरील असंख्य थर ही सर्व पातळ पटलांचीच रूपे होत. उद्योगात यांपैकी बहुतेक थर निर्वात पात्रात तयार केले जातात व त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री महाग असते.

या महागड्या वाटेला पर्याय देणारी एक परंपरा महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, रुजली. चंद्रकांत लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक द्रावणातून पटले बसविण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. माने व लोखंडे यांचा धातूंच्या चाल्कोजेनाइड पटलांवरील विस्तृत आढावा २००० मध्ये 'मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पठाण व लोखंडे यांनी २००४ मध्ये 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये 'सिलार' पद्धतीचा आढावा घेतला. या पद्धतीत काच आळीपाळीने दोन द्रावणांत व मध्ये स्वच्छ पाण्यात बुडवली जाते. प्रमोद पाटील यांनी १९९९ मध्ये तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून पटल करण्याच्या पद्धतीचे विवेचन केले. चंचुपात्र, पाण्याचे तापक, काचेच्या पट्ट्या आणि सहज मिळणारी रसायने एवढ्या सामग्रीवर संशोधन होऊ शकते, हा आत्मविश्वास या परंपरेने दिला. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकांना त्यामुळे संशोधनाचे दार उघडले. या योगदानाचे मूल्य कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही.

परंतु वारसा स्वीकारताना त्याचा सोपा भाग उचलला जातो आणि अवघड भाग मागे राहतो. कस्तुरीलाल चोप्रा यांचा 'थिन फिल्म फिनॉमेना' हा १९६९ चा ग्रंथ भारतातील या विषयाच्या अभ्यासकांचा आधारग्रंथ राहिला. त्या ग्रंथात पटल तयार करण्याच्या पद्धतींनंतर लगेच जाडीच्या मोजमापाचे प्रकरण येते; पटलाच्या विद्युतवहनाची चर्चा त्यानंतरची. हा क्रम सहेतुक आहे. ज्या वस्तूची जाडी ठाऊक नाही, तिच्या अन्य गुणधर्मांविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. हेच चोप्रा पुढे वैज्ञानिक आचारनीतीसाठी झटणाऱ्या 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' या संस्थेचे अध्यक्ष होते. मोजमाप आणि नीती यांचे नाते त्यांच्या कार्यातून असे आपोआप स्पष्ट होते.

३. शोधनिबंधाची भाषा : विशेषणे आणि मोजमापे

पातळ पटलांवरील शोधनिबंधाचा एक ठरलेला साचा आहे. प्रस्तावनेत पदार्थाचे उपयोग, पुढे द्रावणांचे प्रमाण व तापमान, नंतर क्ष-किरण विवर्तनाचा आलेख, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छायाचित्र, प्रकाशशोषणाचा आलेख, विद्युतरोध आणि शेवटी निष्कर्ष. साचा असणे हा दोष नव्हे; साच्यामुळे वाचकाला हवी ती माहिती हव्या त्या जागी सापडते. दोष निर्माण होतो तो साच्यातील जागा मोजमापाऐवजी विशेषणाने भरली जाते तेव्हा.

'पटल एकसमान, आधारपृष्ठाला घट्ट चिकटलेले आणि छिद्ररहित आढळले' हे वाक्य थोड्याफार फरकाने असंख्य निबंधांत भेटते. यातील प्रत्येक विशेषण हे वस्तुतः एका प्रयोगाचे नाव आहे. एकसमान म्हणजे किती ठिकाणी जाडी मोजली आणि त्या जाडींत किती फरक आढळला? घट्ट चिकटलेले म्हणजे चिकटपट्टी लावून ओढल्यावर पटलाचा किती भाग निघाला? छिद्ररहित म्हणजे किती क्षेत्र, किती विवर्धनाने पाहिले? चिकटपट्टीच्या चाचणीला दुकानात मिळणारी एक गुंडाळी पुरते. ती चाचणी न करता 'घट्ट' हा शब्द लिहिणे ही काटकसर नव्हे, ती टाळाटाळ होय. साहित्यसमीक्षेत आपण कवीच्या सांकेतिक विशेषणांवर बोट ठेवतो. विज्ञानलेखनातील सांकेतिक विशेषणांकडे मात्र समीक्षकाचे लक्ष जात नाही.

४. जाडीचा आकडा

अल्पखर्ची प्रयोगशाळेत जाडी बहुधा वजनातील फरकावरून काढतात. पटल बसण्यापूर्वी व बसल्यानंतर काचेचे वजन करायचे, फरकाला क्षेत्रफळाने व पदार्थाच्या घनतेने भागायचे. पद्धत तत्त्वतः निर्दोष आहे. तिच्या मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होतील.

सूक्ष्मदर्शकाची नेहमीची काचपट्टी ७५ मिलिमीटर लांब व २५ मिलिमीटर रुंद असते. तिच्या एका बाजूचे क्षेत्रफळ १८.७५ चौरस सेंटिमीटर. तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचे पटल बसवले आणि वजन ०.९ मिलिग्रॅमने वाढले असे मानू. अखंड कॅडमियम सल्फाइडची घनता दर घन सेंटिमीटरला ४.८२ ग्रॅम घेतल्यास जाडी सुमारे १०० नॅनोमीटर येते. आता पहिली अडचण अशी की, द्रावणात बुडवलेल्या काचेच्या दोन्ही बाजूंवर पटल बसते. मागची बाजू आम्लाने पुसली नसेल, तर जाडी १०० नव्हे, ५० नॅनोमीटर असते. दुसरी अडचण तराजूची. महाविद्यालयातील रासायनिक तराजूचे लघुतम माप ०.१ मिलिग्रॅम असते. तेवढ्या फरकाचा अर्थ या उदाहरणात ११ नॅनोमीटर होतो. तिसरी अडचण अधिक खोल आहे. द्रावणातून बसलेले पटल सच्छिद्र असते आणि त्याची घनता अखंड पदार्थाइतकी नसते. पटलाचा ३० टक्के भाग पोकळ असेल, तर वजनावरून १०० नॅनोमीटर वाटणारे पटल प्रत्यक्षात १४३ नॅनोमीटर जाड असते.

ही चूक एका आकड्यापुरती राहत नाही. प्रकाशाचा शोषण गुणांक काढताना जाडीने भागावे लागते. विद्युतरोधकता काढताना पृष्ठरोधाला जाडीने गुणावे लागते. वरील उदाहरणात शोषण गुणांक खऱ्यापेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आणि रोधकता ३० टक्क्यांनी कमी येईल. म्हणजे एकाच चुकीमुळे पटल प्रकाश शोषण्यात अधिक कार्यक्षम आणि वीज वाहण्यातही अधिक चांगले दिसेल. चूक जेव्हा संशोधकाच्या इच्छेच्या दिशेने जाते, तेव्हा ती शोधण्याची निकड त्याला वाटत नाही.

मग ही चूक लक्षात का येत नाही? कारण सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा, म्हणजे 'बँड गॅप' हे ऊर्जाअंतर, जाडीच्या चुकीपासून सुटतो. १९६६ मध्ये टाउक व सहकाऱ्यांनी वापरलेल्या आणि पुढे सर्वत्र रूढ झालेल्या आलेखपद्धतीत वक्राचा सरळ भाग खाली वाढवून तो अक्षाला कोठे छेदतो ते पाहतात. जाडी चुकली तर संपूर्ण वक्र सारख्याच प्रमाणात ताणला जातो. छेदनबिंदू जागेवरच राहतो. त्यामुळे कॅडमियम सल्फाइडसाठी अपेक्षित २.४२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे उत्तर मिळते आणि संशोधक निश्चिंत होतो. एक उत्तर बरोबर आले म्हणून सगळे मोजमाप बरोबर आहे, असा हा समज असतो. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे ऊर्जाअंतर २.४२ वरून २.४४ झाले, यावरून पटलातील कण लहान झाल्याचे अनुमान काढले जाते. वर्णपटमापीची पट्टरुंदी २ नॅनोमीटर असली, तरी या ठिकाणी सुमारे ०.०१ इलेक्ट्रॉन व्होल्टची संदिग्धता येते. वक्राचा कोणता भाग 'सरळ' मानायचा, या निवडीची संदिग्धता वेगळीच. एकाच नमुन्यावर ती रेषा तीन जणांनी स्वतंत्रपणे काढली, तर तिन्ही उत्तरांतील फरक हाच त्या आकड्याचा प्रामाणिक त्रुटिपल्ला ठरेल.

५. मँगेनीजचे पटल आणि दर ग्रॅमची धारिता

प्रकाशीय पटलांत जाडीचे जे स्थान, ते विद्युतसंचयाच्या पटलांत वस्तुमानाचे आहे. सुपरकपॅसिटरवरील निबंधाचे यश एका आकड्यावर ठरते : दर ग्रॅम पदार्थामागे किती फॅरड विद्युतधारिता मिळाली. हा भागाकार आहे आणि त्याचा छेद अतिशय लहान आहे.

पोलादी पत्र्याच्या एक चौरस सेंटिमीटरवर ५०० नॅनोमीटर जाडीचे मँगेनीज डायऑक्साइडचे पटल असल्याची कल्पना करू. अखंड पदार्थाची घनता सुमारे ५ धरल्यास पटलाचे वस्तुमान ०.२५ मिलिग्रॅम होते. त्याने ०.८ व्होल्टच्या मर्यादेत ५० मिलिकूलोम भार साठवला, तर धारिता ६२.५ मिलिफॅरड येते. ०.१ मिलिग्रॅम लघुतम मापाचा तराजू हे वस्तुमान ०.२ किंवा ०.३ दाखवील. पहिल्या वाचनाने उत्तर दर ग्रॅम ३१२ फॅरड, दुसऱ्याने २०८ फॅरड. पटल तेच, भार तोच. निबंधाचे शीर्षक मात्र तराजूच्या शेवटच्या अंकावर अवलंबून राहते. यावर वाचक स्वतः एक कसोटी लावू शकतो. मँगेनीजच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन स्वीकारला, तर एक ग्रॅम मँगेनीज डायऑक्साइड सुमारे १,११० कूलोम भार साठवील, ०.८ व्होल्टच्या मर्यादेत ही धारिता सुमारे १,३९० फॅरड होते. केवळ याच ऑक्साइडच्या नावावर याहून मोठा आकडा दिसला, तर पदार्थाचे कौतुक करण्यापूर्वी वस्तुमानाच्या मोजणीची चौकशी करावी.

गोगोत्सी व सिमाँ यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याच प्रवृत्तीवर टीका केली होती. अत्यंत पातळ पटलाचा दर ग्रॅमचा आकडा मोठा असला, तरी प्रत्यक्ष साधनात पत्रा, द्रावण व वेष्टन यांचे वजन धरावे लागते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या उदाहरणात पत्रा एक दशांश मिलिमीटर जाड असेल, तर त्या एका चौरस सेंटिमीटरचे वजन सुमारे ८० मिलिग्रॅम भरते. पत्र्यासह हिशेब केला, तर दर ग्रॅम २५० फॅरडचे केवळ ०.७८ फॅरड उरतात. दोन्ही आकडे खरे आहेत. पण त्यांतील एकच छापणे हे अर्धसत्य होय.

खाणीच्या व्यवहाराशी तुलना येथे उद्बोधक ठरते. मँगेनीजच्या खनिजाचा दर त्यातील धातूच्या टक्केवारीनुसार ठरतो. ढिगाऱ्यातून ठरलेल्या रीतीने नमुना घेऊन त्याचे पृथक्करण झाल्याशिवाय त्याची प्रत ठरत नाही. 'उत्तम प्रतीचे' या विशेषणावर कोणी माल उचलत नाही. प्रयोगशाळेतील पटलाला मात्र आपण अशा पृथक्करणाशिवाय बाजारात आणतो.

६. साध्या साधनांनी काय शक्य आहे

या टीकेवर एक स्वाभाविक आक्षेप येईल : तालुक्याच्या महाविद्यालयाने महाग उपकरणे कोठून आणावी? आक्षेप रास्त आहे, पण पूर्णतः नव्हे. ज्या वृत्तीने पटल तयार करण्याची स्वस्त पद्धत शोधली, त्याच वृत्तीने मोजण्याची स्वस्त पद्धतही शोधता येते.

मँगेनीजच्या बाबतीत ती हाताशीच आहे. विलर्ड व ग्रेटहाउस यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत द्रावणातील मँगेनीजचे परआयोडेटच्या साहाय्याने परमँगनेटमध्ये रूपांतर करतात आणि त्याच्या जांभळ्या रंगाची तीव्रता मोजतात. आपल्या ०.२५ मिलिग्रॅम पटलात सुमारे ०.१५८ मिलिग्रॅम मँगेनीज असते. पटल विरघळवून द्रावण २५ मिलिलिटर केले, तर ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीला त्याचे शोषण सुमारे ०.२८ येते. पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेतील रंगमापीलाही ते सुखेनैव वाचता येते आणि अनिश्चितता काही टक्क्यांवर येते. एक दक्षता मात्र अनिवार्य आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये दोन टक्क्यांपर्यंत मँगेनीज असू शकते. म्हणजे ८० मिलिग्रॅमच्या पत्र्यात पटलाच्या दहापट मँगेनीज दडलेले असू शकते. म्हणून पटल सौम्य आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी विरघळवावे आणि पटल नसलेल्या कोऱ्या पत्र्यावर तीच कृती करून ते वाचन वजा करावे. खनिजाचे पृथक्करण करणाऱ्या रसायनज्ञाला हे सारे परिचित आहे. पटलाच्या संशोधकाने फक्त शेजारच्या विभागात जाऊन विचारायचे आहे.

जाडीसाठीही असेच म्हणता येईल. पदवीच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सोडियम दिवा आणि हवेच्या पाचरीतील व्यतिकरणाचा प्रयोग असतोच. पटलाच्या कडेला एक स्पष्ट पायरी ठेवून, तीवर परावर्तक धातूचा थर दिला, तर सॅम्युएल टोलान्स्की यांनी विकसित केलेल्या बहुकिरण व्यतिकरणाच्या तत्त्वाने पायरीची उंची मोजता येते. सोडियम प्रकाशात एका पट्ट्याचे सरकणे म्हणजे सुमारे २९५ नॅनोमीटर. येथे पटलाची घनता गृहीत धरावी लागत नाही, हा मोठा लाभ. परावर्तक थरासाठी आणि अधिक सूक्ष्म मोजमापांसाठी मुंबईच्या आयआयटीतील उपकरण केंद्र किंवा इंदूरची यूजीसी-डीएई संस्था यांचे साहाय्य घेता येते. मात्र तेथून आलेला आलेख निबंधात चिकटवणे म्हणजे मोजमाप करणे नव्हे. किती नमुने पाठवले, एकाच प्रकारचे किती होते आणि त्यांत फरक किती आढळला, हे सांगण्याची जबाबदारी संशोधकाचीच असते.

७. आकड्यांची घाई

मोजमापातील ढिलाईला संस्थात्मक कारणही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकांची पद्धत आणली आणि शोधनिबंधांची संख्या हेही एक माप झाले. पुढे दर्जा राखण्यासाठी २०१८ मध्ये 'केअर' यादी आली व २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. संशोधनाच्या शिस्तीची पहिली ओळख करून देणारी एम. फिल. पदवीही २०२२ च्या नियमावलीने थांबवली. नियम बदलत राहिले. पण निबंध मोजण्याची सवय कायम राहिली. ज्या व्यवस्थेत निबंधांची मोजणी काटेकोर आणि निबंधातील मोजणी सैल, त्या व्यवस्थेत कोणत्या गोष्टीला किंमत आहे हे विद्यार्थी लवकर ओळखतो.

येथे ढिलाई आणि लबाडी यांतील भेद सांभाळला पाहिजे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील यान हेंड्रिक श्योन यांनी सेंद्रिय स्फटिकांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन विस्मयकारक निष्कर्ष मिळवल्याचे जाहीर केले होते. अन्य प्रयोगशाळांना ते पुन्हा मिळवता येईनात. २००२ मध्ये माल्कम बीझ्ली यांच्या समितीने चोवीसपैकी सोळा प्रकरणांत गैरवर्तन झाल्याचा निर्वाळा दिला. मूळ नोंदी व चालू स्थितीतील नमुने उपलब्ध नव्हते, ही त्या प्रकरणातील सर्वांत बोलकी बाब होती. आपल्या महाविद्यालयांतील प्रश्न असा नाही. येथे कोणी आकडे रचत नाही. परंतु नोंदवही, मूळ वाचने आणि नमुना जपून ठेवण्याची सवय नसेल, तर प्रामाणिक चूक आणि रचलेला आकडा यांतील फरक दाखवण्याचे साधनच आपल्या हाती उरत नाही. प्रामाणिक संशोधकाला नोंदवहीची गरज म्हणून अधिक आहे.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, अल्पखर्ची रासायनिक पद्धतींनी पातळ पटलांचे संशोधन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागापर्यंत नेले, हे या परंपरेचे खरे यश आहे. दुसरी, या संशोधनातील बहुतेक निष्कर्ष जाडी किंवा वस्तुमान या एकाच आकड्यावर उभे असतात आणि तोच आकडा सर्वांत कमी काळजीने मोजला जातो. तिसरी, ही उणीव केवळ पैशाच्या अभावातून येत नाही; व्यतिकरणाचा प्रयोग आणि परमँगनेटचा रंग पदवीच्या प्रयोगशाळेत उपलब्ध आहेत.

म्हणून सुधारणेची सुरुवात लहान असावी. पातळ पटलावरील प्रत्येक निबंधात जाडी अथवा वस्तुमान कसे मोजले, किती वेळा मोजले आणि त्यात किती फरक आढळला, याविषयी तीन वाक्ये असावीत. परीक्षकांनी ती नसल्यास निबंध परत पाठवावा. महाविद्यालयीन नियतकालिकांनी हा नियम आधी स्वतःला लावावा. आंबागडच्या परिसरातील खनिजाला जर टक्केवारीशिवाय प्रत मिळत नसेल, तर त्याच धातूच्या पटलावर लिहिलेल्या निबंधाला मोजमापाशिवाय मान्यता मिळू नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.